एका कडीसाठी उमरग्यापलीकडे

आमच्या गावाला बघायला म्हणून कोणी जात नाही. लोक नळदुर्गपर्यंत येतात, किल्ला बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. त्याच्या पुढं उमरगा, आणि उमरग्याहून आत वळलं की ज्वारी, हरभरा, तुरीतून जाणारा रस्ता आमच्या गावाला लागतो. गावाचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते माझं आणि माझ्या चुलतीचं आहे, आणि गावात वाचणारी माणसं आहेत.

तीस वर्षांहून जास्त काळ मी तिकडं फिरकले नव्हते. या वेळी तीन दिवसांसाठी गेले. का गेले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

पुण्याच्या आमच्या घरात एकाही खोलीला आतून कडी नव्हती. मीच सगळ्या काढून टाकल्या होत्या. बाहेरच्या दारालाही रात्री नुसती खुर्ची लावायचो. लग्न झाल्यावर नवऱ्यानं, सुधीरनं, चार दिवस वाद घातला आणि मग सोडून दिलं. बंद दाराची कडी दिसली की माझ्या हाताला घाम सुटतो, छाती भरून येते आणि पाय आपोआप बाहेर पळतात. मी पॅथॉलॉजीत रक्त काढायचं काम करते. दिवसभर लोकांना "काही नाही, जरासं टोचेल" म्हणून धीर देणारी बाई, आणि घरी संडासाचं दार लोटून घ्यायची हिंमत नाही.

पंधरा वर्षांच्या ऋचानं, माझ्या मुलीनं, परवाच्या दिवाळीत स्वतः दुकानातून कडी आणली आणि आपल्या खोलीला बसवली. आत दोन मैत्रिणी होत्या. मी दार ढकललं, ते उघडेना. पुढचं मला नीट आठवत नाही. सुधीर सांगतो की मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन दार फोडलं. मैत्रिणी रडत घरी गेल्या. ऋचा दुसऱ्या दिवशी आत्याकडं राहायला गेली. जाताना म्हणाली, "दाराला कडी बसव, मग येईन. नाहीतर नाही." ती हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. दोन महिने झाले तरी आली नाही.

आता मूळ गोष्ट. मी बारा वर्षांची होते. वडील आधीच वारलेले. घरात आई, पाच वर्षांचा बापू आणि मी. गणपती बुडवून आम्ही उशिरा घरी आलो. सगळ्यांत मागे मी होते. आई म्हणाली, "कडी लाव गं, कुत्री येत्यात." मी टाचा उंच केल्या, कडी कोयंड्यात अडकवली आणि कणगीपाशी माझ्या जागेवर जाऊन झोपले. पहाटे भूकंप झाला. आमची घरं दगड-मातीची, वर मातीचं जड माळवद. माळवदाचं एक लाकूड धान्याच्या कणगीवर तिरकं पडलं आणि खाली माझ्यापुरती जागा राहिली. सकाळी लोकांनी मला काढलं. आई आणि बापू गेले होते.

चार-पाच दिवसांनी छावणीत मी चुलतीला विचारलं होतं, "आई कुठं सापडली?" ती म्हणाली, "दारापाशी. दोघंबी. कडी निघाली न्हाय, बाय." एवढंच. पुढं मामा येऊन मला पुण्याला घेऊन गेला. ते वाक्य मी बरोबर आणलं. कडी मी लावली होती हे मी कोणालाच सांगितलं नाही, सुधीरलाही नाही. मनाचे डॉक्टर पुण्यात पुष्कळ. मी ज्या बाईंकडं जाते त्यांना सहा महिन्यांनी सांगितलं. त्यांनी वहीतून डोकं वर काढून विचारलं, "कडी निघाली नाही, हे चुलतींना कसं कळलं?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. चुलती जिवंत आहे, गावातच आहे. मी सुटी टाकली.

उमरगा

येळवसेच्या आदल्या दिवशी निघाले. वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. धाराशिव, लातूर आणि सीमेवरच्या गावांचा हा सण, पुण्यात कोणाला सांगून कळत नाही. पौषाच्या तोंडावर, ज्वारी पोटऱ्यात आली, कणसं धरू लागली की अख्खं गाव शेतात जेवायला जातं. गाडीत निम्मे लोक त्यासाठीच निघालेले. शेजारच्या बाईनं सोलापूर सोडल्यावर धपाटे आणि शेंगाची चटणी काढली. मला न विचारता हातावर ठेवली. "खावा की. दोनदोनदा का इचारायचं?" पुण्यात लोक तीनदा विचारतात आणि डबा बंद करतात.

उमरग्याच्या स्टँडवर बायकांच्या संडासाला कडी नव्हती. तुटून नुसता कोयंडा राहिला होता. बाहेर रांगेतल्या बाया स्टँडवाल्यांचा उद्धार करत होत्या. एकीनं मला "ताई, जरा दार धरा" म्हणून पहारा करायला लावलं. त्या रांगेत त्या मोडक्या दारावर खूश असलेली मी एकटीच होते. हसू आलं आणि लाजही वाटली.

चुलतभाऊ बळी मोटारसायकल घेऊन आला होता. भूकंपात तो आठ वर्षांचा होता. आता पोट सुटलंय, केस पिकलेत, गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मला बघून म्हणाला, "आक्का, पुण्याचं पाणी लई मानवलं की. गाडीचं मागचं चाक बसतंय का बघतो." मी म्हणाले, "आधी तुझ्या पोटाला जागा कर, मग माझं बघ." असं बोलता येतंय हे बघून दोघांनाही बरं वाटलं.

पत्र्याखाली

नवं गाव जुन्या गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे. सरळ रस्ते, एका मापाची घरं. सुरुवातीला सगळी इतकी सारखी होती की माणसं भलत्याच घरात शिरायची. माझी चुलती, नानी, एकदा दुसऱ्याच्या घरात जाऊन चुलीपुढं बसली आणि "जोंधळं कुठं ठिवल्यात?" म्हणून विचारू लागली. त्या घरच्या बाईनं काही न बोलता तिला चहा केला आणि नंतर हात धरून घरी सोडलं. गावात कोणी कोणाला हसायचं नाही. सगळ्यांचंच तसं झालेलं.

बळीनं स्लॅबचं घर दाखवलं. फरशी आहे, रंग आहे, आणि आत सोयाबीनची पोती, फवारणीचा पंप, जुनी सायकल. राहतात कुठं, तर पुढच्या पत्र्याच्या शेडात. चूल तिथं, टीव्ही तिथं, अंथरुणं तिथं. थंडीत पत्रा गार पडतो, उन्हाळ्यात भाजून काढतो, पण स्लॅबखाली झोप लागत नाही. दाराला कडी आहे, पण कोणी लावत नाही. आतून एक दगड सरकवून ठेवतात. शेजारीही दगड, त्याच्या पलीकडेही दगड. मी चार-पाच घरं बघून आले. पुण्यात मी वेडी होते, इथं मी चारचौघींसारखी. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला वाटलं की परत जाऊच नये.

मग जेवताना रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. जमीन थोडी थरथरली. बळीचा घास हातात राहिला. त्याच्या बायकोनं पातेल्यावरचा हात काढला नाही. नानी डोळे मिटून बसली. आवाज लांब गेल्यावर सगळे परत जेवायला लागले, काही झालंच नाही असं. परत न जाण्याची माझी हौस तिथंच फिटली.

जेवणानंतर मी पर्समधून गोळी काढली. बळीनं पाकीट हातात घेऊन वाचलं आणि उठून पत्र्याच्या खाचेतून आपलं काढून आणलं. तीच गोळी. उमरग्याच्या डॉक्टरनं दिलेली.

"तुझी किती पावरची हाय?" त्यानं विचारलं.

"दहाची."

"माझी वीसची," बळी म्हणाला. "म्या जिंकलो."

बायको त्याला रागावली. तो हसला. मग पाकीट परत खाचेत खोचलं. म्हणाला, "आक्का, दुकानात बसलोय, गिऱ्हाईक बोलतंय, आन मधीच जीव घाबरतोय. काय झालंय काय न्हाय. दहा वर्सं म्या ते दारूवर काढलं." भूकंपात त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या चुलत्याचं, आणि धाकट्या बहिणीचं प्रेत त्यानं पाहिलं होतं.

येळवस

सकाळी सगळा बाडबिस्तरा शेतात. नानी सत्तरीच्या पुढं गेलीय, पण आंबिलीचा माठ डोक्यावर तिनंच घेतला. कोणाला हात लावू दिला नाही. शेतात कडब्याची कोपी उभी केली होती, तीन बाजूंनी बंद, चौथी मोकळी. आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. त्यांची पूजा झाली. बळीनं तांब्यात आंबील घेतली आणि ज्वारीच्या कडेनं शिंपडत, "ओलगे ओलगे सालम पोलगे" असा कानडी वळणाचा घोष करत फेरी मारली. इकडच्या शेतातून तिकडच्या शेतात तेच आवाज.

जेवण काय सांगू. नाना पालेभाज्या, ओला हरभरा, वाल, तूर सगळं एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, वर लसणाचा वास असलेली गार आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही हाक मारून बसवतात. आमच्या कोपीत एक शाळामास्तर आणि दोन ट्रकवाले जेवून गेले. पोट फुटेस्तोवर वाढतात आणि "काय खाल्लं तुम्ही, उगंच चिवडलं" म्हणतात. आई असंच म्हणायची. मी भज्जीत उंडा कुस्करत राहिले.

पुरुष माणसं बांधावर आडवी झाली. कोपीत नानी आणि मी उरलो. मी म्हणाले, "नानी, एक विचारायचंय. आई सापडली तेव्हा तुम्ही होता ना?"

"हुते."

"कडी निघाली नाही, हे कसं कळलं तुम्हाला?"

नानीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ताटं एकात एक घातली, माठावर फडकं बांधलं, पदर खोचला. मला वाटलं ऐकलंच नाही. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, "चल."

जुनं गाव

शेतापासून जुनं गाव दिसतं. गाव कसलं, दगडांचे ढीग आणि त्यावर वाढलेल्या वेड्या बाभळी. रस्ते गेलेत. नानी मात्र काठी टेकत अशी चालली होती, जणू कालच पीठ दळून याच बोळातून आली. मध्ये एका ठिकाणी थांबून "हितं आड हुता, बाजूनं ये" म्हणाली. मी खाली बघितलं तर नुसतं गवत. तरी आम्ही दोघी बाजूनं गेलो.

माझे हात ओले झाले होते. डॉक्टरांनी शिकवलेला श्वास मोजायचा प्रयत्न केला, चारापर्यंत जाऊन विसरले.

नानी एका लांबट दगडापाशी थांबली. "ह्यो तुमचा उंबरा." मग दगडांवरून आत गेली, आठ-दहा पावलं. काठीनं खूण केली. "हितं कणगी. हितं तू निजलीवती." मग परत दाराकडं निघाली. मला वाटलं उंबऱ्यापर्यंत जाईल. ती तीन पावलं टाकून थांबली.

"आन हितं तुझी आई हुती."

मी म्हणाले, "हे दार नाही."

"न्हाय."

"तुम्ही दारापाशी म्हणाला होता."

"दाराकडं पाठ हुती तिची," नानी म्हणाली. "बापू काखंत हुता. त्वांड तुझ्याकडं. तुला घ्यायला यीत हुती."

"आणि दार? कडी?"

"दार पैल्या दणक्यालाच चौकटीसकट भाईर पडलं हुतं. कडी लावल्याली तशीच, तिला कुणी हातबी लावला न्हवता. वाट उघडी हुती, बाय. ती गेली असती तर वाचली असती."

कुठंतरी लांब कोणीतरी अजून ओलगे ओलगे ओरडत होतं. मी त्या तीन पावलांकडं बघत होते. मोठ्या माणसाची तीन पावलं.

"मग खोटं का सांगितलंत?"

"काय सांगणार? तू बारा वर्साची. त्या दिसांत तू पाणीबी पीत न्हवतीस. त्या पोरीला सांगू व्हय, आई भाईर जायची ती तुझ्यासाठी मागं फिरली? जल्मभर तेच उरावर घिऊन बसली असतीस. म्या म्हणलं, दार म्हणावं, कडी म्हणावं. कडीचा काय दोष. लाकूड-लोखंड ते. बोलणं मिटतंय."

मी म्हणाले, "नानी, कडी मी लावली होती."

ती वळली.

"आई म्हणाली लाव, म्हणून मी लावली. मी शेवटी आत आले होते."

नानीच्या हातातली काठी खाली पडली. ती तिथंच दगडावर बसली. मग म्हणाली, "तू लावलीवतीस?"

"हो."

"आन म्या तुला..." तिनं पदर तोंडाला लावला. "आगं माय. म्या काय केलं गं."

इथं मी तिच्या गळ्यात पडले असं लिहिलं तर छान दिसेल. तसं झालं नाही. मला राग आला. इतका राग की मी तिला नको ते बोलले. माझं लग्न, माझं घर, माझी पोर सगळं तुम्ही त्या एका वाक्यात पुरलंत, असं काहीतरी. म्हाताऱ्या बाईला, जिनं त्याच दिवशी नवरा आणि लेक पुरली होती. ती ऐकत राहिली, "व्हय बाय, व्हय" म्हणत राहिली. मग माझा आवाज बसला. मी तिची काठी उचलून दिली. ती उठेना तेव्हा काखेत हात घालून उठवली, आणि तशाच आम्ही शेताकडं आलो. वाटेत आडापाशी ती पुन्हा म्हणाली, "बाजूनं ये."

कोपीपाशी आल्यावर तिनं मला आंबील दिली. स्वतः प्यायली नाही.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. बळी स्टँडपर्यंत आला. नानीला काय झालंय, रातभर बसून हुती, असं त्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "आमच्या घराचीबी कडी लावल्यालीच हुती, आक्का. समद्या गावानं लावली हुती." मग चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

गाडीत मी विचार करत होते की आता हलकं वाटायला हवं. वाटत नव्हतं. इतकी वर्षं आई माझ्या डोळ्यांपुढं दाराला धडका मारायची. आता ती माझ्याकडं येत होती, बापूला घेऊन, आणि उघडं दार तिच्या पाठीमागं होतं. हे जास्त जड आहे. पण आधीचं ओझं मला एकटीला लपवावं लागायचं. हे मी सोलापूर यायच्या आत सुधीरला फोनवर सांगितलं. सोलापूर मागं पडेपर्यंत त्यानं फोन ठेवला नाही.

पुण्याला आल्यावर हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं आठ प्रकारच्या कड्या काढल्या. मी सगळ्यांत साधी घेतली. सुतारानं दार बदललं, कडी बसवली, लावून दाखवली. मी जिन्यात जाऊन उभी राहिले होते. ऋचाला फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. ती रविवारी आली.

तिला सगळं सांगितलं. आजी, बापूमामा, तीन पावलं. ती रडली नाही. नखं कुरतडत ऐकत होती. मग खोलीत गेली, दार लोटलं, आणि मला तो आवाज आला, लोखंड लोखंडात बसल्याचा. मी हॉलमध्ये जमिनीवर बसले, भिंतीला टेकून, दार दिसेल अशी. सुधीरनं पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. हात ओले, छाती भरलेली, सगळं नेहमीसारखंच. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात अजून बरेच दिवस चालतील. बळीचा फोन येतो. नानी हल्ली रोज जुन्या गावाकडं जाते, कोणी हाक मारेपर्यंत आमच्या उंबऱ्यावर बसते. मी फोन केला की ती एकच विचारते, "पोरगी कडी लावून निजती का?" मी हो म्हणते.

त्या पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. आतून ऋचाचा आवाज आला.

"आई, बाहेरच बसलीयस ना?"

"हो."

"भीती वाटतेय?"

"हो."

"उघडू का?"

मी त्या दाराकडं बघितलं. जायला आठ-दहा पावलं होती.

"नको," मी म्हणाले. "राहू दे लावलेली."